तो पोरगा नाटक करत नाहीये

नागपूर,
७ डिसेंबर

प्रिय दिल्या,

तुझं पत्र मिळालं. आश्रमशाळेवर रुजू झाल्यापासून तू फोनवर सापडत नाहीस, तेव्हा पत्र तर पत्र. सातवीतल्या त्या पोराबद्दलचा मजकूर मी दोनदा वाचला. पी.टी.च्या तासाला बसून राहतो, मधूनच हातपाय दुखतात म्हणून कळवळतो, डोळे पिवळट, रात्री अंथरूण ओलं करतो आणि अधीक्षक म्हणतात की सगळी नाटकं आहेत. बरं झालं तू त्याची प्रवेशाची फाईल काढून बघितलीस. सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं कार्ड आतच होतं आणि त्यावर स्पष्ट ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असं लिहिलेलं होतं. म्हणजे सरकारी यंत्रणेनं तपासणी केली, कार्ड दिलं, बापानं ते शाळेत जमा केलं, आणि पुढं कुणी वाचलंच नाही.

मी डॉक्टर नाही, लॅबवाला आहे. पण ज्याच्याशी रोज संबंध येतो ते सांगायला हरकत नाही.

आमची पहिली चाचणी अशी: काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा थेंब मिसळायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि हवा लागू नये म्हणून कडा व्हॅसलिननं बुजवायच्या. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी गोल, गुबगुबीत दिसतात. आतला प्राणवायू संपत गेला की एकेक पेशी ताणली जाते, टोकं निघतात आणि तिचा विळा होतो. इतकी वर्षं बघतोय, तरी अजून मी मान वर न करता बघत बसतो. या चाचणीत वाहक (आई किंवा बाप, एकाकडूनच हा दोष आलेला, म्हणजे एएस) आणि रुग्ण (दोघांकडूनही आलेला, म्हणजे एसएस) दोघांच्याही पेशी वाकतात, म्हणून एएस की एसएस हे ठरवायला पुढं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, करावी लागते. त्या पोराची ती झालेली दिसतेय.

आता जे काचेवर होतं तेच त्याच्या अंगात होतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलंय, बस एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतं आणि पेशी ताठ होते. फुप्फुसात प्राणवायू मिळाला की ती पुन्हा सरळ होते, पण असं बरेचदा झालं की तिचं आवरणच बिघडतं आणि ती कायमची वाकडी राहते. चांगली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. अस्थिमज्जा कितीही राबली तरी भरपाई होत नाही, म्हणून रक्त कमी. फुटलेल्या पेशींचा रंग डोळ्यांत उतरतो, म्हणून पिवळेपणा. त्याला लोक कावीळ समजून झाडपाला देतात. पुढं याच रंगाचे खडे पित्ताशयातही होतात.

दुखणं मात्र वेगळ्या कारणानं येतं. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि हाडाच्या आतला भाग रक्तावाचून मरायला लागतो. बाहेरून बघशील तर ना सूज, ना जखम, कधी ताप सुद्धा नाही. आपल्या वॉर्डात मोठे बाप्ये या वेदनेनं पलंगाचा कठडा धरून ओरडताना मी ऐकलेत. बारा वर्षांचं पोर ते सोसतं आणि दोन दिवसांनी बरं वाटलं की मैदानात पळतं. मग लोक म्हणतात, बघा, काल तर मरत होता. अरे, दुखण्याचा झटका ओसरला की माणूस असाच दिसतो, त्यात नाटक कुठं आलं?

अंथरुणाचं तर मला फारच लागलं. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथं पेशी सहज वाकतात आणि लहानपणीच तो भाग निकामी होत जातो. लघवी घट्ट करण्याची ताकदच राहत नाही. पोरगा पाणी पिवो न पिवो, लघवी भरपूर होतेच. त्यावर वसतिगृहात उपाय काय, तर संध्याकाळनंतर पाणी बंद! याहून वाईट काही करता येणार नाही, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी आणखी वाकतात आणि झटका येतो. अधीक्षकांना एवढं एक तरी पटवून दे. पाण्याची बाटली त्याच्या उशाशी, वर्गात बाकावर, आणि लघवीला जायला परवानगी मागायची गरज नको. रात्री एकदा उठवा, रबरी चादर टाका, पण पाणी तोडू नका.

दुसरं थंडीचं. तुमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे हौदाच्या पाण्यानं आंघोळ असते ना? थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात. त्याला गरम पाणी द्या, स्वेटर द्या. खेळू द्या, पण दमेपर्यंत पळवू नका.

घाई कधी करायची तेही लिहितो. ताप आला तर उद्या बघू म्हणायचं नाही. अशा मुलांची प्लीहा बहुतेकदा अडकलेल्या पेशींनी हळूहळू निकामी होते, काहींची उलट मोठी राहते. कशीही असो, जंतूंशी लढायला ती फारशी उरत नाही, आणि न्यूमोकॉकससारखा जंतू काही तासांत जिवावर उठू शकतो. छातीत दुखून धाप लागली, पोट एकदम फुगून पोर पांढरंफटक पडलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला (हो, लहान मुलांनाही लकवा होतो), तर थेट दवाखाना. आणि एक गोष्ट मुलगे लाजेनं सांगत नाहीत: लिंग ताठरून तासन्‌तास दुखत राहणं. तीही तातडीचीच बाब आहे. तू त्याला एकट्याला बसवून आधीच विचारून ठेव. लंगडायला लागला तर खुब्याचा एक्स-रे काढायला सांग, मांडीच्या हाडाचं डोकं रक्तावाचून झिजतं.

औषध आहे बे, अगदीच हताश होऊ नको. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी रोज घेतली की आपण गर्भात असताना जे हिमोग्लोबिन असतं ते पुन्हा वाढतं, पेशी कमी वाकतात आणि झटके कमी होतात. मधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. सोबत फॉलिक ॲसिड. शाळेत दर आठवड्याला जी निळी लोहगोळी देता, ती मात्र त्याला डॉक्टरांना विचारूनच. त्याचं रक्त लोह कमी पडल्यानं कमी झालेलं नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात तर लोह साचलेलं असतं.

तू विचारलंस की हा आदिवासींचाच आजार का. तसं नाही. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला, पण विदर्भात तो इतर जातींतही भरपूर आहे. आमच्या लॅबमध्ये आडनावांची मोजदाद केलीस तर तोंडात बोट घालशील. वाहकांना मलेरियाचा जीवघेणा ताप कमी बाधतो, हे ॲलिसन नावाच्या संशोधकानं १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. म्हणूनच जिथं पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथं हा जनुक टिकला. तुझ्या तालुक्यात हिवतापाची काय अवस्था आहे ते मी सांगायला नको.

वाहक, म्हणजे एएस, हा आजारी नसतो. दोन्ही आईबाप एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएसची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, दर वेळी हिशेब नव्यानं. यात मला राग कशाचा येतो सांगू? एएस निघालेल्या मुलीचं स्थळ मोडतं, आणि एएस मुलाचं कार्ड मात्र ट्रंकेत जातं. लग्नाआधी दोघांचं रक्त बघायचं, एवढंच तर करायचंय.

त्या पोराची धाकटी बहीण तिसरीत आहे म्हणालास. तिची तपासणी झालीय का ते कार्ड मागून बघ, तोंडी ‘हो’वर जाऊ नको. आईबापांना बोलावशील तेव्हा अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही बोल. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल धरलाय, पण प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याला खेटे घालावे लागतात आणि मजुरी बुडते म्हणून लोक जात नाहीत. तू सोबत गेलास तर काम होईल. तुझ्या वर्गाचे तास तेवढे कुणाच्या तरी गळ्यात घाल.

त्याच्या जुन्या तपासण्यांच्या कागदांचे फोटो रेंज मिळेल तेव्हा पाठव. आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून गोळी सुरू आहे की नाही, नसल्यास का नाही, ते विचारतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मन्या