वाऱ्याच्या युनिटलाही मीटरमध्ये जागा द्या

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवली आहे. मराठीत लिहितोय ते इंदूर, देवास, महूकडच्या आमच्या मंडळींसाठी. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गच्चीवर आता सौर पॅनल आहेत आणि पहिला पावसाळा काढला की त्यांनाही माझाच प्रश्न पडतो.

आषाढ-श्रावणात ढग हटत नाहीत आणि पॅनल निम्म्या मनाने काम करतात. नेमक्या त्याच महिन्यांत माळव्याच्या पठारावर वारा मातलेला असतो. देशातल्या पवनविजेचा मोठा हिस्सा मे ते सप्टेंबरमध्येच तयार होतो; देवासच्या टेकड्यांवरच्या मोठ्या पवनचक्क्या कुणाच्या भरवशावर उभ्या आहेत, ते जूनमध्ये तिथून जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. (शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, झुळूक शायरांनी खुशाल ठेवून घ्यावी, तिच्याने मीटर हलत नाही. मी बोलतोय ते पत्रे उडवणाऱ्या वाऱ्याबद्दल.) मग शेतघरात खांबावर लहान पवनचक्की लावून तिची जास्तीची वीज त्याच तारेने, त्याच दुतर्फा मीटरमधून विकता का येऊ नये?

कायदा आडवा येतो असे मला वाटत नाही. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत 2020 पासून वीज वापरणारा आणि ग्रिडला देणारा, अशा दुहेरी ग्राहकाला जागा आहे आणि त्याने ती सूर्यापासूनच करावी अशी अट त्या व्याख्येत नाही. पण सोयी सगळ्या सूर्याच्या बाजूला. 2024च्या दुरुस्तीने 10 किलोवॉटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर समजायचे ठरले, ते छतावरच्या सौर संचांसाठी. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान, तेही सौरालाच. पवनचक्कीवाल्याने अर्ज घेऊन जायचे कुठल्या खिडकीवर?

माझी हयात सांवेर रोडवर मोटारी रिवाइंड करण्यात गेली, त्यामुळे अधिकाऱ्यांची अडचणही कळते. लाइट गेली की सौर इन्व्हर्टरने वीज सोडणे बंद करायचे असते, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळ होतो. पॅनल अशा वेळी नुसते पडून राहते. पवनचक्कीचे तसे नाही. भार, म्हणजे तिची वीज ओढून घेणारे, सुटले की ती बेफाम फिरू लागते. तिला ब्रेक हवा, किंवा तयार होणारी वीज जिरवायला वेगळा भार हवा. ही खरी अडचण आहे, पण तिच्यावर इलाज आहे. लहान पवनचक्क्यांसाठी आयईसी 61400-2 हे आंतरराष्ट्रीय मानक आहेच. त्यात बसणाऱ्या यंत्रांची मान्य यादी काढा, यादीबाहेरच्याला जोडणी देऊ नका. मीही देणार नाही.

आणि हे प्रत्येक घरासाठी नाही, तेही इथेच सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, वेग निम्मा झाला की आठवा हिस्सा उरतो. तीन मीटर व्यासाच्या चक्कीला सेकंदाला तीन मीटरच्या वाऱ्यात जेमतेम तीस वॅट मिळतील. सहा मीटरच्या वाऱ्यात अडीचशेच्या आसपास. राजवाड्याच्या गल्ल्यांत, इमारतींच्या आडोशाला चक्की लावणे म्हणजे पैसे उडवणे. पाती 300 फुटांच्या आतल्या प्रत्येक झाडा-इमारतीपेक्षा निदान 30 फूट उंच हवीत, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे सिमरोल, महू, देवास रस्त्याकडची मोकळी शेते. एवढ्यापुरतीच माझी मागणी आहे.

आता भावाचे बोलतो, कारण घोडे खरे तिथेच अडते. केंद्राच्या 2023च्या नियमांप्रमाणे वेळेनुसार दर आले: सौर तासांत वीज किमान 20 टक्के स्वस्त, गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकालाही किमान दहा टक्के महाग. ठीक आहे. पण संध्याकाळी सातला मी युनिट घेतले तर ते महाग असेल, तर त्याच वेळी मी ग्रिडला दिलेले युनिट दुपारच्या युनिटएवढेच का मोजायचे? पावसाळी संध्याकाळी पॅनल काही देऊ शकत नाही, पवनचक्की देऊ शकते. स्मार्ट मीटर प्रत्येक युनिटची वेळ टिपतो, मग तो हिशेब दोन्ही बाजूंनी लावा. हा एक बदल झाला, तर मला अनुदानाचा एक रुपयाही नको.

दर ठरवणे राज्य वीज नियामक आयोगाचे काम, हे उत्तर ठाऊक आहे. पण 2003च्या विद्युत अधिनियमाच्या कलम 108 खाली लोकहिताच्या धोरणाबाबत शासन आयोगाला निर्देश देऊ शकते. तेवढे आपल्या हातात आहे.

अजून एक काम तर अगदी बिनखर्चाच्या जवळचे. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे 50 मीटर आणि त्याहून वरच्या वाऱ्याचे आहेत. शेतकऱ्याचा खांब असतो पंधरा-वीस मीटरचा. त्या उंचीवर आमच्याकडे वारा किती, हे अंदाजावर सोडू नये. आयआयटी इंदूर सिमरोललाच आहे, जीएसआयटीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय शहरात आहे. मुलांना प्रकल्प मिळेल, आपल्याला आकडे. मोजणीचे खांब येत्या पावसाळ्याआधी उभे राहिले, तर एका मोसमाची नोंद पुढच्या दरनिश्चितीच्या सुनावणीत मांडता येईल. तिथे मी हरकतदार म्हणून असतोच, आकडे विरुद्ध गेले तरी मीच वाचून दाखवीन.

आपला,
इंदूरचा एक वीजग्राहक