सेवासंस्थांच्या प्रकल्पांची बातमी लोकार्पणानंतरही यावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोटरी, लायन्स, किवानिस यांसारख्या सेवासंस्थांच्या उपक्रमांची वृत्ते आपल्या दैनिकात आवर्जून छापली जातात. कुठे डायलिसिस यंत्राचे लोकार्पण होते, कुठे शाळेला जलशुद्धीकरण यंत्र मिळते, तर कुठे परदेशातील एखाद्या क्लबच्या सहकार्याने रुग्णालयाला उपकरणे भेट दिली जातात. स्वतःच्या खिशातील पैसा आणि सुटीचा दिवस खर्च करून ही कामे करणाऱ्या सभासदांविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र फीत कापल्यानंतर त्या प्रकल्पाचे पुढे काय झाले, हे वाचकांना सहसा कळत नाही. त्याविषयी दोन शब्द लिहावेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

रोटरी आणि लायन्स यांचे कार्यवर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपते आणि त्याबरोबर क्लबचा अध्यक्षही बदलतो. पद एकाच व्यक्तीकडे साचू नये, नव्या माणसांना संधी मिळावी, या दृष्टीने ही पद्धत उत्तमच आहे. परंतु तिचा एक परिणाम असा होतो की, ज्या कामाचे दृश्य फळ बारा महिन्यांच्या आत हाती येईल तेच काम निवडण्याकडे नव्या अध्यक्षाचा स्वाभाविकपणे ओढा असतो आणि आधीच्या अध्यक्षाने उभारलेल्या कामाची देखभाल कोणाच्याच यादीत राहत नाही. शाळेत बसवलेल्या जलशुद्धीकरण यंत्राचेच पाहा. यंत्र बसवणे हा त्यातील सोपा भाग आहे. फिल्टर आणि मेंब्रेन (पाणी गाळणारा बारीक पडदा) ठरावीक काळाने बदलावे लागतात, विजेचे बिल कोणी तरी भरावे लागते, टाकी धुवावी लागते. हे झाले नाही तर मेंब्रेन चोंदते, नळाची धार करंगळीएवढी बारीक होते आणि मधल्या सुटीत रांगेत ताटकळलेली मुले पुन्हा जुन्या टाकीचे पाणी पिऊ लागतात. यंत्र देणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि शाळाही बेपर्वा नव्हती. मेंब्रेनचा खर्च कोणी करायचा, हे कागदावर ठरलेले नव्हते, एवढेच.

नेत्रशिबिरांबाबतही हेच म्हणावे लागेल. लायन्स संघटनेचा आणि दृष्टीच्या प्रश्नाचा संबंध फार जुना आहे. 1925 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात भरलेल्या तिच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले, ते संघटनेने मनावर घेतले आणि 1990 मध्ये तर टाळता येण्याजोग्या अंधत्वाविरुद्ध जगभर एक स्वतंत्र मोहीमच सुरू केली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज फार थोड्या वेळात होते. पण रुग्णाच्या दृष्टीने काम तिथे संपत नाही. पुढे काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे असतात, जंतुसंसर्ग झाला नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा तपासणी करायची असते आणि डोळा स्थिरावल्यावर चष्म्याचा नंबर काढायचा असतो. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईला थेंब घालणार कोण आणि तपासणीला तिला पुन्हा आणणार कोण, याची सोय लावणारे शिबिरच माझ्या मते पुरे झालेले शिबिर होय. अशी सोय लावणारे क्लब आहेत. त्यांच्या वाट्याला मोठा मथळा क्वचितच येतो, कारण चष्मे वाटपाच्या दिवशी छायाचित्रकार आलेला नसतो.

आता परदेशी प्रकल्पांकडे वळतो. ‘आपल्या दाराशी एवढे प्रश्न असताना हा पैसा दूरदेशी कशाला?’ असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. या आक्षेपाचे उत्तर पोलिओच्या मोहिमेइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही काम देत नाही. रोटरीने 1979 मध्ये फिलिपाइन्समधील सुमारे 60 लाख बालकांच्या लसीकरणापासून या कामाचा आरंभ केला आणि 1985 मध्ये ‘पोलिओप्लस’ हा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतर भागीदारांसह निर्मूलनाची मोहीम उभी राहिली, तेव्हा 125 हून अधिक देशांत मिळून दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास लोकांना, मुख्यतः बालकांना, या रोगाने पांगळे केले जात होते. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा येथे आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

या यशात परदेशातील क्लबांनी जमवलेला पैसा होता, सरकारी यंत्रणा होती, घरोघर फिरणाऱ्या आरोग्य सेविका होत्या आणि त्यांच्या जोडीला गल्लीतले स्थानिक सभासदही होते. बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करायची, सर्व मुलांना लस मिळाली असेल तर दाराजवळ खडूने ‘पी’, नाही तर ‘एक्स’ लिहायचे आणि ‘एक्स’ असलेल्या घरी, म्हणजे जिथे एखादे मूल लशीवाचून राहिले आहे तिथे, पथकाने पुन्हा जायचे, अशी ती शिस्त होती. उत्तर प्रदेशात लशीविषयीच्या शंका दूर करण्यासाठी रोटरीने मुस्लिम धर्मगुरूंची समिती स्थापन केली. कोणत्या घरात कोणाचा शब्द मानला जातो, हे तिथल्या माणसांनाच माहीत होते. दूरच्या पैशाला जवळच्या माणसाची अशी साथ मिळाली, म्हणूनच लस शेवटच्या मुलापर्यंत पोहोचली. मला या साऱ्या मोहिमेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती दारावरचा तो ‘एक्स’. राहून गेलेल्या कामाची उघड नोंद ठेवायची आणि तिथे परत जायचे, हे धैर्य फार थोड्या सेवाकार्यांत दिसते.

आंतरराष्ट्रीय प्रकल्पांची आखणीही पाहण्यासारखी आहे. रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या निधीसंस्थेच्या ‘ग्लोबल ग्रँट’साठी, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रकल्पांच्या अनुदानासाठी, किमान 30,000 डॉलरचा प्रकल्प असावा लागतो आणि जिथे काम व्हायचे तिथला एक क्लब व दुसऱ्या देशातील एक क्लब असे दोन भागीदार लागतात. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्या गरजांची पाहणी आधी करावी लागते, अनुदान संपल्यावर काम कसे चालू राहील हे अर्जात सांगावे लागते आणि पैसा मिळाल्यानंतर दर 12 महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागतो. एवढे करूनही प्रकल्प फसू शकतात. परदेशातून आलेल्या उपकरणाचे सुटे भाग इथे मिळत नाहीत किंवा ते चालवणारा तंत्रज्ञ रुग्णालयाकडे नसतो, आणि अशा वेळी स्थानिक क्लबने भिडेपोटी गप्प न राहता ‘हे उपकरण आम्हाला पेलणार नाही’ असे देणाऱ्याला आधीच कळवायला हवे. तरीही प्रश्न विचारण्याची एक रीत तिथे घालून दिलेली आहे. क्लबने स्वतःच्या वर्गणीतून शेजारच्या वस्तीत केलेल्या छोट्या कामाला मात्र हे प्रश्न विचारण्याचे बंधन कोणावरच नसते. त्यामुळे समुद्रापलीकडच्या भागीदाराला जो हिशेब मिळतो, तो शेजारच्या वस्तीला मिळत नाही. ही विसंगती दूर व्हायला हवी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सेवासंस्थांना माझी विनंती अशी की, स्थानिक प्रकल्प हाती घेतानाच त्याच्या निधीतील काही भाग पुढील तीन वर्षांच्या देखभालीसाठी वेगळा ठेवावा आणि ती जबाबदारी कोणाची, हे शाळा, रुग्णालय किंवा ग्रामपंचायत यांच्याशी लेखी ठरवून घ्यावे. नव्या अध्यक्षाने सूत्रे स्वीकारताना मागील प्रकल्पांची यादी, त्यांच्या आजच्या स्थितीसह, सभेपुढे ठेवावी. बंद पडलेल्या प्रकल्पाचे नाव त्या यादीत आले तर त्यात क्लबची नाचक्की नाही. उलट दुरुस्तीला तिथूनच सुरुवात करता येईल.

आपल्या दैनिकाकडे तर यासाठी लागणारे साहित्य तयारच आहे. तीन वर्षांपूर्वीच्या लोकार्पणांची वृत्ते आपल्या संग्रहात असतील. त्यांपैकी काही निवडक प्रकल्पांना आपल्या वार्ताहरांनी भेट द्यावी, यंत्र चालू आहे का, ते कोण वापरते, खर्च कोण करते, हे लाभार्थींना विचारावे आणि जे आढळेल ते, चांगले असो वा वाईट, पहिल्या बातमीइतकीच जागा देऊन छापावे. नीट चाललेल्या कामांची पद्धत त्यामुळे इतर क्लबांना कळेल आणि रखडलेल्या कामांसाठी मदतीचे हातही पुढे येतील.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक