पुलांवरील सेन्सरचीही तपासणी हवी

महोदय,

महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, हे आठवणाऱ्या प्रत्येकाला पुलांवर सेन्सर असावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. ऑप्टिकल फायबर सेन्सर, म्हणजे पुलाला चिकटवलेल्या काचेच्या बारीक तंतूतील प्रकाशावरून पुलावरचा ताण मोजणारी साधने, गंजत नाहीत हे खरे. परंतु काच टिकली तरी तिला धरून ठेवणारा गोंद, वरचे आवरण आणि जोडण्या कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत कमकुवत होऊ शकतात. गोंद सुटू लागला की सेन्सर बंद पडतोच असे नाही. तो ताण प्रत्यक्षाहून कमी दाखवू लागतो, आणि मला हीच चूक अधिक घातक वाटते. शिवाय ब्रॅग ग्रेटिंग प्रकारच्या (तंतूतील सूक्ष्म पट्ट्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या बदलातून ताण ओळखणाऱ्या) सेन्सरला एका अंशाची तापमानवाढ ही लांबी दहा लाखांत सुमारे 8 भागांनी वाढल्यासारखी भासते, म्हणून शेजारी तापमानाचा स्वतंत्र सेन्सर हवाच. कॅनडातील कॅल्गरी येथे 1993 मध्ये झालेल्या बेडिंग्टन ट्रेल पुलातील असे सेन्सर काही वर्षांनंतरही चालू होते, हे आश्वासक आहे. आपल्याकडील निविदांत मात्र सेन्सरच्या संख्येबरोबरच, दर पावसाळ्यानंतर ठाऊक वजनाची वाहने पुलावर उभी करून नोंदी पडताळण्याची अट असावी आणि त्या कामाचा खर्च सुरुवातीलाच मंजूर व्हावा.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, रायगड