काका, तुम्ही नुसता काटा बघत बसलात

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. गावभागातल्या बोळातलं ते जुन्या रेडिओंनी गच्च भरलेलं दुकान ज्यांना माहीत आहे, त्यांना माहीत आहे. त्या दिवशी तुमच्यासमोर मला एक शब्द धड बोलता आला नाही. पैसे टेबलावर ठेवले आणि तशीच बाहेर पडले. मारुती चौकात आल्यावर लक्षात आलं की आभार मानायचे राहूनच गेले. परत फिरायला हवं होतं, पण डोळे पुसत दुकानात शिरायचा धीर झाला नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही पुन्हा चालू करून दिलीत ती कॅसेट 1988 च्या दिवाळीच्या सुट्टीतली. वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. त्या वर्षीच्या बोनसमध्ये त्यांनी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, आणला आणि आमच्या वाड्यात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण एक गाणं पुन्हा ऐकायचं म्हणजे तेव्हा केवढं काम होतं! कागदावर यादी करून दुकानात द्यायची आणि गाणी भरून आणायची, नाहीतर रेडिओपाशी बोट टेकवून बसायचं. गाणं लागलं की लाल बटण आणि प्ले एकदम दाबायचं. तेवढ्यात कुणी दार वाजवलं, तर ते दारही कायमचं गाण्यात. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा तास, जेमतेम सहा-सात गाणी. कुठलं ठेवायचं आणि कुठलं पुसायचं यावरून माझी आणि भावाची मारामारी व्हायची.

आकाशवाणीचं सांगली केंद्र 1963 सालचं आणि कॅसेटही जगापुढे आली ती त्याच साली, हे तुम्हीच मला सांगितलंत. वडिलांना हे कळलं असतं तर दहा जणांना सांगत फिरले असते. रेडिओ म्हणजे त्यांचा जीव. तरुणपणी दर बुधवारी रात्री आठला ते 'बिनाका गीतमाला'त निवेदक अमीन सायानींचा आवाज ऐकायला बसायचे आणि कुठलं गाणं कितव्या पायरीवर आलं ते वहीत लिहून ठेवायचे. सायानी 'बहनो और भाइयो' म्हणताना बहिणींना आधी हाक मारतात, हे त्यांनी मला मुद्दाम दाखवून दिलं होतं.

म्हणून आमच्या कॅसेटवर प्रत्येक गाण्याआधी वडील बोलतात, "बहिणींनो आणि भावांनो!" फर्माईशीच्या कार्यक्रमात झुमरीतलैया गावच्या श्रोत्यांची लांबलचक यादी वाचायचे ना, तशी ते आमच्या वाड्याची वाचतात. "गावभाग, सांगलीहून हे गाणं ऐकायची इच्छा आहे चिंगी, बंड्या, आजी, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि विहिरीवरच्या मांजरीची." चिंगी म्हणजे मी.

वडील 1997 ला गेले. फोटो आहेत, चष्मा आहे, ती गाण्यांची वही होती. आवाज मात्र त्या एकाच कॅसेटमध्ये.

मग ऑगस्ट 2019 चा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी गेलं 57 फुटांच्या वर. आम्ही आईला घेऊन विश्रामबागला भावाकडे गेलो, ते फक्त कागदपत्रं आणि औषधं उचलून. कॅसेट घ्यायचं सुचलं नाही. पाणी उतरल्यावर कपाटाचा खण उघडला तर वहीचा लगदा झालेला, आणि कॅसेटच्या दोन्ही भोकांत कृष्णेचा गाळ.

त्यानंतर मी ती कॅसेट कुठे कुठे नेली ते सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कुणाला कळणार नाही. एका दुकानदारानं हातात घेतली, हसला आणि म्हणाला, "ताई, ही सगळी गाणी आता फुकट मिळतात. पेन ड्राइव्हमध्ये पाचशे भरून देतो." मी म्हटलं, गाणी नकोत. तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला होता. पुण्यातल्या एका ठिकाणी आगाऊ पैसे घेतले, चार महिने फोन उचलला नाही, आणि शेवटी पिशवीत घालून परत दिली. "यात काही नाही," म्हणाले. पिशवीवरची माझ्या हातची गाठ तशीच होती. मी वर्षानुवर्षं जपलेल्या वस्तूला त्यांनी उघडून न बघताच 'काही नाही' म्हटलं, हे मी आजही विसरलेले नाही. त्या दिवशी स्वारगेटहून एसटीत बसले ती कॅसेट मांडीवर घेऊन, आणि घरी आल्यावर ती पुन्हा कपाटात ठेवली.

2024 च्या फेब्रुवारीत अमीन सायानी गेल्याची बातमी आली. रात्रभर झोप लागली नाही. पुन्हा विचारपूस सुरू केली, कुणी कुणी पत्ते दिले, आणि फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचले.

आधीच्या प्रत्येकानं विचारलं होतं, "कुठली गाणी आहेत?" तुम्ही विचारलंत, "यात काय आहे?"

मी म्हटलं, "वडील आहेत."

तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "बसा."

पुढचे पंधरा दिवस तुम्ही काय काय केलंत ते मला अर्धंच समजलं. नव्वद मीटरच्या आसपास लांबीची ती फीत, केसासारखी नाजूक. ती धुतलीत, सावलीत वाळवलीत, आणि जुनी डबी फुटली म्हणून स्वतःच्या भजनाच्या कॅसेटची डबी उघडून तिच्यात बसवलीत. एवढ्यासाठीच जन्मभर उपकार मानले असते. पण मला रडू आलं ते यासाठी नाही.

तुम्ही टेपला हेडफोन जोडून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "गाणी मी ऐकली. मध्ये बोलणं सुरू झालं तसा आवाज बंद केला. ते तुमच्या घरचं आहे." मी विचारलं, मग ते नीट आलंय हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही टेपवरच्या, आवाजाबरोबर हलणाऱ्या काट्याकडे बोट दाखवलंत. "नुसता काटा बघत बसलो. हलत होता. वडील चांगलं मोकळं बोलतात तुमचे."

एवढं बोलून तुम्ही शटर अर्धं ओढलंत आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलात, माझ्याकडे पाठ करून.

काका, मला आमच्या वाड्यात येणारे पोस्टमन आठवले. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, मामाची पत्रं तेच वाचून दाखवायचे. कुणाचं कर्ज, कुणाचं मोडलेलं लग्न, सगळं त्यांच्या तोंडून घरात यायचं. पण सायकलवर टांग टाकली की ते विसरून जायचे, शेजारच्या दारात त्यातलं अक्षरही पोचत नसे. वाड्यात एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी रामायण लागलं की त्या घरात मुंगी शिरायला जागा नसे, पण तेवढ्या गर्दीतही आतल्या खोलीचा पडदा कुणी सारून बघत नसे. ही रीत तेव्हा कुणाला शिकवावी लागत नव्हती. ती गेली असं मी धरून चालले होते. तुमच्या दुकानात ती जशीच्या तशी भेटली.

कॅसेट आम्ही घरी सगळ्यांनी ऐकली. आईनं तीनदा ऐकली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी वडील मला विचारतात, "बोला चिंगीबाई, तुमची फर्माईश?" मी म्हणते, "तुम्हीच गा." ते नाही नाही म्हणतात, मग खाकरतात, एक ओळ गातात, सूर चुकतो, आम्ही सगळे हसतो, आणि हसण्याच्या मध्येच फीत संपते.

येत्या रविवारी मी दुकानात येते आहे. कॅसेट घेऊन येते, आईही येणार म्हणते आहे, आणि घरचं भडंग आणते. तुम्हाला ते सगळं ऐकवायचं आहे, पहिल्या 'बहिणींनो'पासून. त्या दिवशी काटा बघायचा नाही, काका. आवाज मोठा ठेवायचा.

तुमची,
चिंगी