ओल्या रेनकोटला घरात जागा द्या

संपादक, स.न.वि.वि.

जूनमध्ये आमच्या सोसायटीत नोटीस लागली : पॅसेजमधले चपलांचे स्टँड आठ दिवसांत आत घ्या. नोटीस योग्यच होती. आग लागली तर जिन्याची वाट मोकळी हवी, राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे तो त्यासाठीच. आम्ही स्टँड आत घेतला आणि तेव्हापासून घरात रोज वाद आहे.

वन रूम किचन, माणसं पाच. दारालगतच्या भिंतीवर देव्हारा, म्हणून ८१ वर्षांच्या सासूबाईंना बाहेरची वहाण उंबऱ्याच्या आत चालत नाही. मुलगा रात्री लोकलने भिजून येतो. त्याचे बूट बंद कपाटात ठेवले, तर चार दिवसांत चामड्यावर बुरशी. यजमान रेनकोट बाथरूममध्ये टांगतात, मग सुनेचे सकाळचे कोरडे कपडे ओले होतात. कोणाला चूक म्हणू? शेवटी रेनकोट दारामागच्या खिळ्याला गेला. खाली पाणी साचलं आणि गेल्या आठवड्यात सासूबाईंचा पाय त्यावरून घसरला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचल्या. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिथे पायरीशी पाय धुवायला पाणी असे, वहाणा पडवीत, आणि इरलं पडवीच्या खुंटीला निथळत राही. पावसात माणूस भिजूनच घरी येणार, हे घर बांधणाऱ्याला ठाऊक होतं.

आमची इमारत १९८४ ची. आता पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. सगळे कार्पेट एरिया, पार्किंग आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी रक्कम) विचारतात. मी आर्किटेक्टना विचारलं, दाराच्या आत तीन बाय दोन फुटांचा कोनाडा द्याल का? हवा खेळती राहील असं जाळीचं दार, दोन खुंट्या, खाली उताराची फरशी आणि पाणी जायला नहाणी. ते म्हणाले, तेवढा हॉल कमी होईल. होऊ दे. सहा चौरस फूट मी आनंदाने देईन.

आपल्या वास्तुविषयक पुरवणीत फ्लॅटचे नकाशे येतात. त्यांत हा कोनाडा मला अजून दिसलेला नाही. तज्ज्ञांना याबद्दल लिहितं करा, आणि ज्यांच्या सोसायट्यांचे नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत त्यांनी सही करण्याआधी तो मागून घ्या, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, डोंबिवली (पूर्व)