समुद्राच्या वाटेवर पुन्हा बेडं कशाला?

जून 2021

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी दापोली तालुक्यात केळशी-आंजर्ले पट्ट्यातल्या एका गावात ग्रामीण डाक सेवक आहे, म्हंजे लोकांच्या भाषेत पोस्टमन. दुसऱ्यांची पत्रं पोचवण्यात बारा वर्षं गेली, स्वतः पेपरला लिहायची वेळ पहिलीच, तेव्हा काही चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

7 जून 2021 पासून सरकारने कोरोनासाठी जिल्ह्यांच्या लेव्हल पाडल्यात आणि आमचा रत्नागिरी जिल्हा चौथ्या लेव्हलमध्ये आहे. या लेव्हलला चालणं, सायकल, मोकळ्या मैदानात व्यायाम, हे सगळं सकाळी 5 ते 9 आणि तेही सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवारी काहीच नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हला गर्दी होते म्हणून असा नियम करावा लागत असेल, मान्य आहे, पण आमच्या पुळणीवर, म्हंजे समुद्रकाठच्या वाळूवर, एरवीसुद्धा एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकापर्यंत चार माणसं आणि दोन कुत्रे दिसतात, तिथे नऊनंतर चालणारा माणूस कोणाला काय देणार आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आधी माझंच सांगतो, कारण मी काही पहिल्यापासून शहाणा नव्हतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गावोगाव रस्त्यावर झाडं आडवी टाकली होती, तेव्हा आमच्या वाडीने समुद्रावर जाणाऱ्या पाखाडीला (दगडी पायवाटेला) बांबूचं बेडं, म्हंजे आडवं फाटक, बांधलं, आणि ते बांधायला मी स्वतः होतो, सुंभ माझ्या घरचं. तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं की कोरोना हवेत, वाळूत, पिशवीवर, पाकिटावर सगळीकडे आहे. मी पत्रं उन्हात पसरून मग वाटायचो. पण बेडं बांधून झाल्यावर बापय लोकं, म्हंजे पुरुषमंडळी, काय करायला लागली, तर पोलिसांच्या भीतीने दारं-खिडक्या लावून एकाच ओटीवर दहा-बाराजण पत्त्यांचा मेंढीकोट खेळायला लागली. उघड्यावर बसायला बंदी म्हणून बंद घरात गर्दी! तेव्हा हसलो होतो, यंदा दुसऱ्या लाटेत अशाच एका ओटीवरची अर्धी मंडळी एका आठवड्यात पॉझिटिव्ह निघाली तेव्हा हसू आलं नाही.

ते बेडं आम्ही सोडलं नाही, निसर्ग वादळाने सोडलं. योगायोग बघा, लॉकडाऊन सैल करायच्या सरकारच्या 'मिशन बिगिन अगेन' ऑर्डरप्रमाणे 3 जून 2020 पासून मुंबईसारख्या रेड झोनमध्येसुद्धा चालायला, पळायला, सायकलला सकाळी 5 ते संध्याकाळी 7 परवानगी होती, त्यात समुद्रकिनारे नाव घालून लिहिलेले होते, आणि नेमकं त्याच दिवशी दुपारी निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं. आमचं बेडं कुठे गेलं माहीत नाही, एक बांबू शेजारच्या आगरात, म्हंजे नारळ-पोफळीच्या बागेत, मिळाला. माड पडले, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं गेली, पत्रे गेले, लाइट कित्येक आठवडे नव्हती. वादळाचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, वीस-पंचवीस वर्षांची आगरं गेली लोकांची. पण एक गोष्ट मी घरोघर फिरताना बघितली ती सांगतो. एप्रिल-मेमध्ये जी माणसं टीव्हीसमोर बसून आकडे मोजत होती, रात्री झोप नाही, छातीत धडधडतंय म्हणून मला दापोलीहून गोळ्या आणायला सांगत होती, तीच माणसं जूनमध्ये सकाळपासून कोयती-कुऱ्हाड घेऊन बाहेर, ओंडके ओढतायत, कौलं चढवतायत, संध्याकाळी भात खाऊन गपगार झोपतायत. दुःख होतं, रडणं होतं, पण ते आधीचं आतल्या आत कुजणं नव्हतं. अंग मोडून काम, ऊन, वारा आणि चार माणसं मोकळ्यावर सोबतीला, दुसरं औषध काही नव्हतं त्यात.

आता भाऊंचं सांगतो. भाऊ म्हंजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, ऐंशीला टेकलेले, गावात सगळे भाऊच म्हणतात. मुलगा-सून मुंबईला. रोज संध्याकाळी धोतराचा सोगा वर खोचून समुद्रावर जाऊन यायचे, वीस वर्षांचा नेम. यंदा एप्रिलमध्ये परत सगळं बंद झालं आणि मुलाने फोनवरून तंबी दिली की घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मुलाचं तरी काय चुकलं, तो तिकडे चाळीत बसून काय करणार. मे महिन्यात वादळाचा, म्हंजे या वेळच्या तौक्तेचा, पसारा आवरून झाल्यावर मी त्यांना पैसे द्यायला गेलो. आमच्याकडे मशीन असतं, आधारवर अंगठा लावला की बँकेतले पैसे घरपोच देता येतात, लॉकडाऊनमध्ये म्हाताऱ्या माणसांना त्याचा फार उपयोग झाला. भाऊ ओटीवर यायलाच तयार नाहीत, माजघरातल्या काळोखात बसलेले, दाढी वाढलेली. अंगठा तीनदा लावला, घेईना. सॅनिटायझरने कातडी कोरडी पडते. मी म्हटलं भाऊ जरा खोबरेल लावून पुसा. तर म्हणाले, "अरे मीच माझा राहिलो नाय, अंगठा काय घेऊन बसलास." चौथ्यांदा घेतला. पैसे मोजूनसुद्धा घेतले नाहीत, जो माणूस एरवी चिल्लरसुद्धा दोनदा मोजायचा.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, कारण मला ते ओळखीचं वाटलं. एप्रिलमध्ये मी स्वतः पॉझिटिव्ह होतो. ताप चार दिवसांत गेला, पण सतरा दिवस मागच्या खोलीत. बारा वर्षं रोज पंधरा-सोळा किलोमीटर सायकल मारणारा माणूस मी, आठव्या दिवसापासून रात्री टक्क जागा. खिडकीतून एक फणस दिसायचा, त्याला लागलेले फणस मोजायचो, सत्तावीस, परत मोजायचो. आजारी माणसाने घरातच राहायचं, त्यात वाद नाही, मी राहिलो. पण धडधाकट माणसालाही तसंच ठेवायचं, महिनोन् महिने, तर त्याचं काय होतं ते मला त्या फणसाने शिकवलं.

मग मी भाऊंना म्हटलं चला, खालच्या वाडीत दोन पत्रं द्यायचीत, सोबत या. पहिल्या दिवशी वडाच्या पारापर्यंत आले आणि दमले. दुसऱ्या दिवशी देवळापर्यंत. आठवड्याने सुरूच्या बनापर्यंत. दोघांना मास्क, मध्ये सायकल, अंतर आपोआप राहतं! बोलणं फार नाही, कोणाचा माड वाकलाय, कोणाच्या होडीवर झाप घातले, कोणाचा भाताचा तरवा आला, एवढंच. पण दाढी केली त्यांनी. सोळाव्या की सतराव्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला बंदोबस्तावरच्या एका पोलिसाने अडवलं. माझी बॅग बघून मला सोडलं, भाऊंना म्हणाला घरी जा, वेळ संपली, परत दिसलात तर पावती फाडीन. त्याचंही काही नाही, वरून ऑर्डर आहे. पण भाऊ मागे वळून एकटे पाखाडी चढत गेले ते मला बघवलं नाही, आणि हे पत्र त्याच दुपारी लिहायला घेतलं.

संपादक साहेब, आता तर मोठमोठे डॉक्टरही म्हणतात की हा आजार जास्त करून बंद जागेत, कोंदट हवेत, जवळजवळ बसून बोलण्यात पसरतो. जपानने तर मार्च 2020 पासूनच लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या, बंद जागा, गर्दी आणि तोंडाशी तोंड लावून बोलणं. माझ्या मुलीने मोबाईलवर स्पेनचं वाचून दाखवलं. तिथे गेल्या वर्षी पोरांना सहा आठवडे घराबाहेर काढलं नव्हतं, मग 2 मे 2020 पासून मोठ्यांना फिरायला सोडलं, म्हाताऱ्यांची वेळ वेगळी, पोरांची वेगळी, पण 5 हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांना ही वेळांची भानगडच ठेवली नाही. एवढंच तर मागतोय मी. आमच्या गावाची वस्ती त्याच्या पावपटसुद्धा नसेल.

कोणी म्हणेल पर्यटक येतील. येतात, बंदी असतानाही आलेत, पुण्या-मुंबईच्या गाड्या मी डोळ्यांनी बघितल्यात, पुळणीवर गाडी घालून गोल फिरवतात तेव्हा कासवाच्या घरट्यांची तरी पर्वा असते का त्यांना. त्यांना नाक्यावरच अडवा, पार्किंग बंद ठेवा, आमची ना नाही. पण गाडी थांबवायची म्हणून गावच्या म्हाताऱ्याचे पाय कशाला बांधता? आणि कोणी म्हणेल पावसाळ्यात कोण जातंय समुद्रावर, तर उधाणात कोणीच जात नाही, गावच्या माणसाला ते शिकवायला नको, पण मृगात चार दिवस उघाड पडते तेव्हा जायचं असतं. शिवाय तिसरी लाट येणार म्हणतायत, तेव्हा हेच नियम परत काढतील, म्हणून आत्ताच बोललेलं बरं.

पोरांचं एक गमतीदार आहे. गावात नेटवर्क नाही म्हणून आम्ही सगळे कंपन्यांच्या नावाने शंख करतो, पण त्यापायी ऑनलाइन शाळेसाठी पोरं वर सड्यावर, म्हंजे डोंगरावरच्या माळावर, जाऊन कातळावर छत्री धरून बसतात. अभ्यास किती होतो देव जाणे, पण अख्ख्या गावात सगळ्यात टवटवीत तीच दिसतात. घरात वायफाय असलेली दोन पोरं आहेत, ती चिडचिडी झालीत, त्यांच्या आया मला विचारतात पोस्टात काही औषधाचं पार्सल येतं का.

बायकांचं तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. बापय निदान रेशनला, दुधाला म्हणून बाहेर पडतात. बायका सुकतीला, म्हंजे ओहोटीला, तिसऱ्या-कालवं (शिंपल्या) काढायला जायच्या, त्यात कालवणाचंही व्हायचं आणि मनातलं बोलणंही व्हायचं, तेही बंद झालं. डॉक्टर आठवड्याला निदान दीडशे मिनिटं चाला म्हणतात, आमच्या बायका ती एका सुकतीत भरून काढायच्या.

आता सुकतीवरून मुद्द्याचं. ही 5 ते 9 वेळ ज्याने काढली त्याला समुद्राची वेळ माहीत नसावी. आमच्याकडे शाळेत न गेलेला माणूसही सांगतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता पाणी पूर्ण वर, नवमीला पावणेसात. भरतीला जी वाळू उरते ती कोरडी, भुसभुशीत, त्यात पाय रुततो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला दहा पावलं जड. त्याला ओली टणक पुळण लागते आणि ती पाणी उतरल्यावर मिळते. म्हंजे दर पंधरवड्यात चार-पाच दिवस असे येतात की परवानगी आहे तेव्हा चालायला जागा नाही आणि जागा होते तेव्हा परवानगी नाही. वेळ ठरवायचीच असेल तर ग्रामपंचायतीला ठरवू द्या, कोरोनासाठी नेमलेलं ग्राम कृती दल आहे, ते तिथी बघून ठरवतील. संध्याकाळ द्या, शनिवार-रविवार द्या. घोळका नको, मास्क हवा, ताप असेल तो घरी, हे आम्ही सांभाळतो.

काल डाक वाटून परत येताना भाऊ ओटीवर बसलेले दिसले, निदान ओटीवर तरी. त्यांनीच हाक मारून विचारलं, "आज तिथी कुठची रे?" मी म्हटलं सप्तमी. बोटांवर मोजलं त्यांनी. "सव्वापाच," म्हणाले. "म्हंजे अकरा वाजता काय पुळण लागली असेल!" आणि काठी भिंतीला टेकवून परत आत गेले.

आपला,
एक ग्रामीण डाक सेवक, ता. दापोली
(नाव छापू नये ही विनंती)