केसपेपरवरच्या दोन ओळींसाठी आभार

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खासगीत पाठवता आले असते. पण ज्या एका नोंदीमुळे मला घरात अपराध्यासारखे वावरावे लागले ती नोंद आमच्या बहुतेक नातेवाइकांनी वाचलेली होती. तेव्हा तिच्यावर तुम्ही जे लिहिलेत तेही सर्वांच्या नजरेखालून जावे, असे मला वाटते.

माझ्या पतींना जिना चढताना छातीत आवळल्यासारखे व्हायचे आणि थांबले की ते ओसरायचे. हे बऱ्याच काळापासून ठरावीक श्रमालाच होत होते, बसल्या जागी कधीच नाही. तेवढ्यावरून दुसऱ्या एका रुग्णालयात अँजिओग्राफी ठरली. ती चालू असतानाच तिथले डॉक्टर कॅथलॅबमधून, म्हणजे ही तपासणी जिथे होते त्या खोलीतून, बाहेर आले, पडद्यावरची एक चिंचोळी जागा त्यांनी दाखवली आणि "नव्वद टक्के ब्लॉक आहे, स्टेंट आत्ताच टाकून घेऊ, नाहीतर केव्हाही काहीही होऊ शकते," असे सांगून संमतिपत्र माझ्यापुढे ठेवले. ज्यांच्या हृदयाचा प्रश्न होता ते आत पूर्ण शुद्धीवर होते आणि त्यांना कोणी काहीही विचारलेले नव्हते. मी म्हटले, त्यांना बाहेर येऊ द्या, आम्ही दोघे बोलून कळवतो. डिस्चार्जच्या कागदावर याची नोंद झाली ती अशी: 'धोका समजावून सांगूनही पत्नीने उपचारास नकार दिला.'

त्यानंतर जो कोणी भेटायला येई तो फाइल मागे, आणि फाइल उघडणाऱ्याची नजर नेमकी त्या ओळीवर जाऊन थांबे. तोंडावर कोणी बोलले नाही, एका ज्येष्ठ आप्तांनी मात्र "पैशाची अडचण होती का?" असे हळूच विचारले. रात्री पतींनी कूस बदलली तरी मी दचकून उठत असे.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही आधी त्यांना, म्हणजे रुग्णाला, बोलू दिलेत. कोणत्या श्रमाला दुखते, किती वेळ, गेल्या काही आठवड्यांत वाढले का, विश्रांतीत कधी आले का, हे सगळे विचारून झाल्यावर सीडी पाहिलीत, हृदयाच्या मोठ्या भागाला रक्त पुरवणारी डावी मुख्य धमनी मोकळी आहे आणि हृदयाचे आकुंचन चांगले आहे याची खात्री करून घेतलीत, आणि मग ती जुनी ओळ वाचून माझ्याकडे पाहिलेत. मी सारवासारव करायला तोंड उघडणार, तोच तुम्ही तुमच्या केसपेपरवर लिहायला सुरुवात केली होती. लिहून झाल्यावर तो कागद माझ्याकडे फिरवलात: 'पत्नीने विचार करण्यासाठी वेळ मागितला होता. स्थिर लक्षणे असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही मागणी योग्य होती.' खाली सही, तारीख. त्याबद्दल तुम्ही पुढे एक शब्दही बोलला नाहीत, आधीच्या डॉक्टरांना नावे ठेवली नाहीत, आणि लगेच गोळ्यांच्या मात्रेकडे वळलात.

तुमच्या दिवसभराच्या कामात हे लिहायला अर्धे मिनिटसुद्धा गेले नसेल. स्टेंट बसवणारे कुशल हात आज पुष्कळ आहेत आणि त्यांचे आभार मानणारेही पुष्कळ भेटतील. पण रुग्णासोबत आलेल्या बाईवर कागदोपत्री झालेला अन्याय कागदावरच दुरुस्त करावा, हे सुचणारा माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता. घरी येऊन मी तो केसपेपर फाइलमध्ये सर्वांत वर लावला. त्या आप्तांनी तो वाचला आणि चहा घेऊन ते निघून गेले, एवढेच सांगते.

तुम्ही ते नुसत्या सौजन्यापोटी लिहिले नव्हते, हे मला पुढच्या भेटीत कळले. 'केव्हाही काहीही' ही भीती माझ्या डोक्यातून गेलेली नव्हती, म्हणून मी पुन्हा तेच विचारले आणि तुम्ही न कंटाळता सांगितलेत. वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद होत गेलेली जागा श्रमाच्या वेळी रक्त कमी पडू देते आणि दुखते. हृदयविकाराचा झटका येतो तो बहुतेक वेळा धमनीच्या भिंतीतल्या मेदाच्या थराचे आवरण अचानक फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्याने, आणि असा थर अँजिओग्राफीत पूर्वी फारसा अरुंद दिसलेला असतोच असे नाही. म्हणून सर्वांत चिंचोळी जागा उघडली की पुढचा झटका टळला, हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' चाचणीत (रुग्णांचे गट पाडून उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासात) स्थिर लक्षणांचे २,२८७ रुग्ण होते आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत ५,१७९. नीट दिलेल्या औषधोपचारात सुरुवातीलाच अँजिओप्लास्टीची, म्हणजे फुग्याने किंवा स्टेंटने धमनी उघडण्याची, भर घातल्याने, किंवा 'इस्केमिया'त काहींच्या बाबतीत बायपासची, मृत्यू कमी झाल्याचे या दोन्हींत दिसले नाही. छातीतले दुखणे मात्र अनेकांचे अधिक कमी झाले. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेल्यांना दोन्ही चाचण्यांत घेतलेले नव्हते, म्हणूनच तुम्ही ती धमनी आधी तपासली होती. मी वेळ मागितला तेव्हा मला यातले काहीही ठाऊक नव्हते. ज्यांनी संमतिपत्र पुढे केले त्यांना ते ठाऊक असायला हवे होते.

तुम्ही सांगितलेल्यांपैकी 'ऑर्बिटा' या चाचणीने माझ्या मनात घर केले आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील डॉ. राशा अल-लामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ती प्रसिद्ध केली. एकाच धमनीत मोठा अडथळा असलेल्या दोनशे रुग्णांना गुंगीचे औषध देऊन, कानांवर हेडफोन लावून टेबलावर घेतले गेले, आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांना स्टेंट बसवला, बाकीच्यांना नाही. कोणाला काय झाले हे त्या रुग्णांना माहीत नव्हते आणि नंतर त्यांची तपासणी करणाऱ्यांनाही नाही. सहा आठवड्यांनी व्यायामाच्या क्षमतेत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक निघाला नाही. झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी फुग्याने पहिली हृदयधमनी उघडली त्याला तोवर चाळीस वर्षे झाली होती, आणि ज्या कौशल्यावर आपला मान आणि चरितार्थ चालतो तेच कौशल्य कितपत उपयोगी पडते हे त्याच क्षेत्रातल्या डॉक्टरांनी इतक्या कठोरपणे तपासले होते. व्यवसायातल्या किती जणांना त्यामुळे राग आला असेल याची मला कल्पना करता येते. याच चमूने २०२३ साली 'ऑर्बिटा-२' प्रसिद्ध केली. तीत दुखणे कमी करणारी औषधे बंद ठेवलेल्या ३०१ रुग्णांना घेतले होते, आणि त्यांत स्टेंटने दुखणे खरोखरच कमी होते असे दिसले, तेही त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितले. माणसाने आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आणि आपल्या बाजूची गोष्ट एकाच आवाजात सांगावी, ही सभ्यता मला तुमच्या बोलण्यातही आढळली.

कारण तुम्ही स्टेंटच्या विरुद्ध मुळीच नव्हता. गोळ्यांनी पतींचे दुखणे बरेच कमी झाले, पण जिना त्यांना पूर्ण चढवेना, आणि ते स्वतःच म्हणाले की आता मला करून घ्यायचे आहे. तुम्ही मनगटातल्या धमनीतून ते काम केलेत. दुसऱ्या शाखेतला मध्यम अडथळा, जो आधीच्या अहवालात ठळक अक्षरांत होता, तारेने दाब मोजून पाहिलात, अडथळ्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबाचे गुणोत्तर ०.८० च्या वर, म्हणजे रक्त पुरेसे जात असल्याचे, निघाले आणि तो तसाच सोडलात. आत असतानाच तुम्ही हे त्यांना सांगितलेत आणि त्यांनी मान डोलावली. मी बाहेर बसले होते. या वेळी माझ्यापुढे कोणी कागद आणला नाही, कारण सहीचा अधिकार ज्यांचा होता त्यांनी ती आदल्या दिवशी, प्रश्न विचारून आणि चष्मा लावून, केलेली होती.

आता ते जिना न थांबता चढतात. रक्ताची गुठळी न होऊ देणाऱ्या दोन गोळ्या सहा महिने आणि त्यानंतर एक, हे वेळापत्रक त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवले आहे, आणि दोहोंपैकी एकही गोळी कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करायची नाही हे तुमचे वाक्य त्याखाली तांबड्या शाईने लिहिले आहे. तुमच्या कॅथलॅबमधील परिचारिकांना आणि तंत्रज्ञांनाही आमचा नमस्कार सांगावा.

शेवटच्या भेटीत तुम्ही आम्हाला एक वेगळी गोष्ट समजावलीत, तिच्याबद्दलही लिहिले पाहिजे. खरा झटका आला तर हा सगळा सावकाशपणा लागू होत नाही, असे तुम्ही बजावलेत. १९८० साली डॉ. डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटक्याच्या पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी करून पाहिली तेव्हा ८७ टक्के रुग्णांत ती धमनी पूर्ण बंद आढळली होती, आणि बंद धमनीमागचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. विश्रांतीत दुखू लागले, थांबेना, घाम फुटला, तर स्वतः गाडी चालवायची नाही, रुग्णवाहिका बोलवायची, वैद्यकीय मदत मिळाल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे, आणि धमनी पूर्ण बंद झाल्याचे त्यात दिसले तर कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत ती उघडली गेली पाहिजे. कॅथलॅब फार लांब असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी. तिथे स्टेंट जीव वाचवतो. तशी वेळ आलीच, आणि माझ्यापुढे कोणी संमतिपत्र धरले, तर मी वेळ मागणार नाही, लगेच सही करीन, आणि तेही तुम्ही समजावून दिलेत म्हणूनच.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची पत्नी